पुसलेली फाइल परत आली

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री दहाला फोन वाजला. ज्या कंपनीच्या वेब सर्व्हरची मी जूनमध्ये सुरक्षा-चाचणी केली होती, तिथले सर्व्हर सांभाळणारे काका बोलत होते. आवाज शांत होता. "अपलोडच्या फोल्डरमध्ये एक फाइल सापडलीय. हेच नाव तुमच्या रिपोर्टमध्ये आहे. तुमचीच ना?"

माझीच होती.

त्या पोर्टलवर ग्राहक आपली कागदपत्रं चढवत. आलेली फाइल फोटो आहे की आणखी काही, हे पोर्टल ब्राउझरच्या सांगण्यावरून ठरवत होतं. मी फोटो म्हणून चार ओळींची पीएचपी फाइल पाठवली आणि ती गेली. त्या फोल्डरमधली फाइल सर्व्हर चालवतही होता. पत्त्यापुढे 'हू अ‍ॅम आय' लिहिलं, तर वेब सर्व्हरच्या खात्याचं नाव पडद्यावर आलं. याला आम्ही 'शेल मिळाला' म्हणतो. घरी बसून दुसऱ्याच्या मशीनवर हुकूम चालतो, तेव्हा छाती धडधडते आणि हात थांबत नाही. माझाही थांबला नाही. दुर्बलता सिद्ध झाली होती, तरी मी दोन तास आत फिरलो, डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल वाचली. अकराव्या दिवशी काम संपवताना माझी फाइल पुसली, रिपोर्ट दिला. त्यांनी अपलोडची चूक दुरुस्त केली.

माझ्या हिशेबात त्यांचा बॅकअप नव्हता. त्या अकरा दिवसांतच त्यांचा शेवटचा पूर्ण बॅकअप झाला होता आणि माझी फाइल त्यात गेली होती. ऑक्टोबरात डिस्क बसली. त्यांनी तो पूर्ण बॅकअप उतरवला आणि पुढचे रोजचे बदल त्यावर चढवले. नव्या फाइली आल्या, दुरुस्त केलेला कोडही आला. पण मधल्या काळात जे पुसलं होतं, ते पुन्हा पुसलं गेलं नाही. भोक बुजलेलं होतं, शेल मात्र जिवंत झाला होता. त्याला मी पासवर्ड घातला नव्हता. नाव ठेवलं होतं 'टेस्ट'. असली नावं शोधत बॉट अहोरात्र इंटरनेटभर फिरत असतात. चार दिवसांत तिथे एका बँकेच्या लॉगिनसारखं दिसणारं खोटं पान उभं राहिलं. आत शिरलेल्याने आणखी काय पाहिलं, हे लॉगवरून कळेना. त्याने हुकूम पत्त्यातून नव्हे, एचटीटीपीच्या 'पोस्ट' विनंतीतून पाठवले होते, आणि नेहमीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये अशा विनंतीचा मजकूर उरत नाही.

दुरुस्ती झाली म्हणजे शेल गेला, असं कधीच धरू नका. मार्च 2021 मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या दुर्बलतांवर पॅच आले. अनेकांनी ते लावलेही, पण आधीच ठेवलेले वेब शेल जागच्या जागी राहिले. शेवटी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने शेकडो सर्व्हरांवरचे शेल काढले, तेही न्यायालयाची परवानगी घेऊन. सफाई करायलाही परवानगी लागते, हे नव्याने या कामात येणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेल्या विनापरवाना प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तोंडी 'करा हो' पुरत नाही. कोणता सर्व्हर, कोणत्या तारखा, शेल ठेवायची मुभा आहे की नाही, हे सही-शिक्क्यानिशी कागदावर हवं.

आता मी बहुतेक वेळा शेल ठेवतच नाही. दोन संख्यांचा गुणाकार छापणारी फाइल तेवढंच सिद्ध करते, आणि ती मागे राहिली तरी कुणाच्या उपयोगाची नसते. शेल लागलाच तर लांबलचक यादृच्छिक नाव, पासवर्ड, फक्त माझ्या आयपीला प्रवेश आणि ठरलेल्या तारखेनंतर आपोआप बंद पडण्याची सोय. ठेवलेल्या क्षणीच फाइलीचा पूर्ण पत्ता, वेळ आणि हॅश (फाइलीचा डिजिटल ठसा) वहीत लिहितो. संध्याकाळी आठवून लिहिलेलं अपुरं असतं. तो हॅश रिपोर्टमध्ये देतो, म्हणजे त्यांना बॅकअप आणि चाचणी सर्व्हरच्या नकलाही चाळता येतात. काम सुरू करण्याआधी बॅकअप कधी होतो, हे विचारतो.

रिव्हर्स शेलची भीती वेगळी. तिथे सर्व्हरच बाहेर आपल्याशी जोडणी करतो. पुन्हा पुन्हा जोडणी व्हावी म्हणून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप हुकूम चालवणाऱ्या सोयीत, घातलेली ओळ काढायची विसरली, आणि आपण भाड्याचं क्लाउड मशीन सोडून दिलं, तर तो आयपी उद्या दुसऱ्या कुणाला मिळतो. ग्राहकाचा सर्व्हर त्या अनोळखी माणसाला हाका मारत राहतो. म्हणून आधी क्रॉन साफ, मगच मशीन परत.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून ती फाइल वेगळी काढून जपली, सर्व्हर जाळ्यातून तोडला, डेटाबेसचा पासवर्ड बदलला. मग सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा यंत्रणेला कळवायचं होतं. एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत. काकांनी मजकूर लिहायला घेतला आणि थांबले. "कारण काय लिहू?"

मी त्यांना फाइलीचं नाव, ती ठेवल्याची तारीख आणि माझं पूर्ण नाव सांगितलं.