ब्लू होल्स : उजेडाचे विवर आणि शेवटचे दहा मीटर

पश्चिम प्रशांत महासागरातील पलाऊ हे बेटांचे छोटे राष्ट्र पाणबुड्यांचे तीर्थक्षेत्रच होय. तेथील ‘ब्लू होल्स’ या स्थळी प्रवाळभित्तीच्या माथ्यावर चार विवरे असून ती खाली एका प्रशस्त दालनात उघडतात. दालनातून बाहेरच्या अंगास मोकळ्या समुद्रात जाण्याची वाट आहे. माध्यान्ही विवरांतून निळ्या प्रकाशाचे स्तंभ खोलवर उतरतात. दालनात तरंगताना मी वर पाहिले, तेव्हा आकाश हाताशी आल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात ते वीस मीटरांहून अधिक दूर होते.

याच दालनाला लागून ‘टेंपल ऑफ डूम’ नावाची अंधारी गुहा आहे. वाट न सापडलेल्या कासवांचे सांगाडे तिच्यात आहेत. तिचे भय सर्वांना वाटते. उजेडाच्या वाटेचे भय मात्र कोणालाच वाटत नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने जपावयास हवे ते तेथेच.

समुद्रसपाटीवर एक वातावरण असलेला दाब दर दहा मीटरांना एकेक वातावरणाने वाढतो. बॉइलच्या नियमानुसार तीस मीटरांवरून वीस मीटरांवर येताना फुप्फुसातील हवा एक-तृतीयांशाने प्रसरण पावते. शेवटच्या दहा मीटरांत मात्र ती दुप्पट होते. पूर्ण श्वास भरून तो रोखला, तर जेमतेम सव्वा मीटर वर येणेही वायुकोश फाटण्यास पुरेसे ठरू शकते. ती हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचली, की पृष्ठभागावर येताच किंवा काही मिनिटांत बेशुद्धी, झटके वा अर्धांगवायू उद्भवतो. हाच एअर एम्बोलिझम. म्हणूनच श्वास कधीही न रोखणे, मिनिटाला नऊ मीटरांहून वेगाने वर न येणे आणि पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबणे, असा दंडक आहे.

दुसरा विकार डिकम्प्रेशन सिकनेस. दाबाखाली ऊतींत विरघळलेला नायट्रोजन दाब उतरताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सन १९०८ मध्ये हाल्डेन यांनी शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धती मांडली. सांधेदुखी, बधिरता, चक्कर, लघवी अडणे ही लक्षणे बहुधा काही तासांत, क्वचित दुसऱ्या दिवशी दिसतात. म्हणजेच रुग्ण समुद्रकाठच्या नव्हे, आपल्या दवाखान्यात येतो.

बेळगावकरांनी येथे विशेष लक्ष द्यावे. मालवण किंवा गोव्याचे ग्रँड आयलंड येथे बुडी मारून त्याच सायंकाळी घाट चढून घरी येणे आपल्याकडे सहज घडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. विमानप्रवासापूर्वी एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, ही शिफारस सहाशे मीटरांपुढील उंचीसाठीच आहे. हौशी पर्यटकाच्या उथळ, अल्पवेळच्या बुडीत धोका फारच थोडा. परंतु दोन-तीन दिवस खोल बुड्या मारणाऱ्याने रात्र किनाऱ्यावरच काढावी.

योग्यतेचा दाखला देताना फुप्फुस आपोआप फाटल्याचा पूर्वेतिहास, अपस्मार, दमा, हृद्रोग, गर्भारपण यांची चौकशी करावी. नाक दाबून हवा कानात नेता येते का, हेही पाहावे. सर्दी असल्यास बुडी पुढे ढकलावी. सहलीहून परतलेल्या रुग्णाने मुंग्या येत असल्याची तक्रार केल्यास वेदनाशामक लिहून देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : “समुद्रात किती खोल गेला होतात, आणि केव्हा?” संशय येताच रुग्णास आडवे निजवून शंभर टक्के प्राणवायू सुरू करावा, मज्जासंस्थेची तपासणी नोंदवावी व रिकम्प्रेशन कक्षाशी संपर्क साधावा. लक्षणे प्राणवायूने ओसरली, तरी रुग्णास तेवढ्यावर घरी धाडू नये.