खिडकी उघडी ठेवतेस ना?

पुण्याच्या कार्यशाळेत एका बाईंचा घसा चुरचुरला, डोकं चढलं, आणि त्या जेवणाच्या सुट्टीतच घरी निघून गेल्या. बातमी सांगलीला पोचली तेव्हा त्यांना भोवळ आली होती. इचलकरंजीत भिशीच्या बायकांत ती फुटेपर्यंत बाई थेट आयसीयूत दाखल झाल्या होत्या. मावशीने त्याच संध्याकाळी चष्मा चढवला, वहीची पानं फाडली आणि ती कार्यशाळा घेणाऱ्या भाचीला पत्र लिहायला घेतलं. फोन केला नाही. फोनवर भाची ‘अगं मावशी, काही नाही गं’ म्हणते आणि विषय तिथेच मिटतो.

पत्र रीतीप्रमाणे अनेक आशीर्वादांनी सुरू होतं आणि आशीर्वाद पहिल्याच ओळीत संपतात. ‘तू त्या खोलीची खिडकी उघडी ठेवतेस ना? एवढंच विचारायचं होतं,’ असं दुसऱ्या ओळीत आहे. त्यापुढे पाठपोट भरलेली पानं.

भाची नेमकं काय करते, हे घरात अजून कुणाला धड सांगता येत नाही. ती कापड विणायला किंवा भरायला शिकवत नाही, वितळवायला शिकवते. पॉलिस्टरची ऑर्गंझा, नायलॉनची शिफॉन, लग्नाकार्यात मिळणाऱ्या नॉनवोव्हन पिशव्या, तांब्याची तार, जुन्या साड्यांचे काठ असं एकावर एक रचायचं, टाके घालायचे, आणि मग वरून हीटगन धरायची किंवा सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने रेघा ओढायच्या. ब्रिटनमधल्या वस्त्रकलेच्या वर्गांत हे तंत्र चांगलंच रुजलेलं आहे. मार्गारेट बील यांनी सोल्डरिंग आयर्नने तलम सिंथेटिक कापड कापायची आणि त्याच फटक्यात सांधायची पद्धत शिकवली. किम थित्तिचाई यांचं ‘हॉट टेक्स्टाइल्स’ २००७ मध्ये आलं. भाची त्याच वाटेने गेली आहे. तिच्या आईच्या मते मात्र मुलीने एवढं शिकून शेवटी ‘चिंध्या जाळायचा क्लास’ काढला.

मावशी तसं म्हणत नाही. भाचीने पाठवलेला एक फोटो तिने बराच वेळ बोटांनी मोठा करून पाहिला होता. नायलॉनच्या शिफॉनवर सुती दोऱ्याने दाट धावदोरा घातलेला होता, आणि मग त्यावर उष्णता दिली होती. नायलॉन आक्रसलं, फाटलं, भोकांच्या कडांना तपकिरी मणी धरले. सूत वितळत नाही म्हणून टाके मात्र जागच्या जागी राहिले, एकमेकांना धरून. ‘आपल्या आजीच्या वाकळीतही शेवटी दोराच उरला होता,’ असं तिने लिहिलं आहे. आणि लगेच खाली: ‘पण मधलं कापड गेलं ते कुठे गेलं? थोडं आक्रसलं, थोडं हवेत गेलं. ती हवा कोणी ओढली?’

इथून पत्राला धार चढते. मावशीचं सगळं आयुष्य इचलकरंजीत गेलं, यजमानांचा सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावण्याचा, व्यवसाय. गावात पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. तिथल्या माणसाला सूत ओळखायला लेबल लागत नाही, काडेपेटी लागते. टोक जळताना कागदासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर सूत. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम. धागा ज्योतीपासून मागे सरला, वितळला आणि गार झाल्यावर कडक मणी झाला तर पॉलिस्टर नाहीतर नायलॉन. ही परीक्षा भाचीने लहानपणी काकांच्या गादीवर बसून पाहिली आहे. मग वर्गात बायका घरून वाटेल त्या चिंध्या घेऊन येतात आणि ही त्या तशाच हीटगनखाली घालू देते, हे कसं? ‘आधी दारात उभं राहून एकेक धागा जाळून बघ. ज्याचं नाव ठाऊक नाही ते तापवायचं नाही.’

यातली काही नावं मावशीने अधोरेखित केली आहेत. रेग्झिन म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा. स्वेटरचं कॅशमिलॉन म्हणजे ॲक्रिलिक. जळताना त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. गादीचा फोमही त्याच पंक्तीतला. इस्त्रीखाली घालायचं टेफ्लॉनचं कापड निरुपद्रवी वाटतं, पण सोल्डरिंगचं टोक ३०० ते ४०० अंशांवर असतं आणि तेवढ्या तापमानाला टेफ्लॉनही विषारी वाफा सोडतं. त्या वाफांनी घरातले पाळीव पक्षी मेल्याची उदाहरणं आहेत. सोल्डरिंगखाली काच किंवा फरशीचा तुकडाच हवा. भाचीला हे ठाऊक नसेल असं मावशीला वाटत नाही. तिला शंका वेगळीच आहे: ठाऊक असूनही, बारा बायका एकदम ‘मॅडम, हे बघा ना’ म्हणत असताना ती लक्ष कुठे कुठे ठेवणार?

मग पुन्हा खिडकी. खिडकी उघडी असली तरी डोक्यावर पंखा फिरत असेल तर तो धूर बाहेर काढत नाही, खोलीभर वाटतो. हवा टेबलाजवळून ओढून बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पाहिजे. कोविडच्या वेळचे मास्क वाटून उपयोग नाही, ते धुळीचे कण अडवतात, वायू अडवत नाहीत. त्याला सेंद्रिय वाफा शोषणारं कार्ट्रिज बसवलेला मास्क लागतो. ओढणी आणि पदर खोचलेले हवेत, आणि अंगावर सुती कपडे. नायलॉन वितळलं की कातडीला चिकटतं. चिकटलंच तर ओढून काढायचं नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि दवाखाना गाठायचा.

विजेचा हिशेब तर मावशीने समासात मांडूनच दाखवला आहे. हीटगन २००० वॅटची, घरातला साधा सॉकेट ६ ॲम्पियरचा. २३० व्होल्टला त्याला १३८० वॅटच्या वर झेपत नाही. त्यावर एक्स्टेन्शन लावून दोन हीटगन चालवायच्या म्हणजे कापडाच्या आधी वायर वितळायची. यंत्रमागाच्या गावात आयुष्य काढलेल्या बाईने हे लिहावं यात नवल नाही. हा समास भाचीने फ्रेम करून वर्गात लावावा अशा योग्यतेचा आहे.

रागाच्या भरात मावशी अल्बेर्तो बुरी यांनाही सोडत नाही. गेल्या दिवाळीत भाचीने तिला या इटालियन कलावंताची गोष्ट सांगितली होती: पेशाने डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात पकडले गेले, टेक्सासच्या युद्धकैद्यांच्या छावणीत चित्रं काढू लागले, सुटल्यावर फाटकी पोती शिवून कॅनव्हासवर लावली आणि पुढे प्लॅस्टिकचे थर ज्योतीने जाळून त्यांतून चित्रं उभी केली. ‘मोठा माणूस असेल,’ मावशी लिहिते, ‘पण तो जाळत होता तेव्हा त्याच्या शेजारी फी भरून आलेल्या बारा बायका नव्हत्या.’

फटकारून झाल्यावर तिला उपाय सुचायला लागतात, आणि पत्राचा हा भाग सर्वांत रंगलेला आहे. जे कमी उष्णतेवर होतं ते जास्तीवर कशाला करायचं? टायवेक घे. ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९५५ मध्ये जिम व्हाइट या संशोधकाला एका नळीतून पांढरा पॉलिथिलीनचा भुसभुशीत तंतू बाहेर पडताना दिसला आणि त्यातून पुढे हा कागदासारखा, सहजी न फाटणारा पत्रा झाला. तो साधारण १३५ अंशांना वितळतो, म्हणजे दोन बेकिंग पेपरांच्या मध्ये ठेवून इस्त्री फिरवली तरी फुगतो, सुरकुततो. नॉनवोव्हन पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, तिला १६० च्या आसपास पुरतात. पॉलिस्टरला मात्र २५० च्या वर जावं लागतं. हा चढता क्रम बायकांना आधी समजू दे, हीटगन त्यानंतर.

वितळवायच्या अलीकडेच थांबलं तर? पॉलिस्टर वाफेने मऊ होतं आणि गार होताना ज्या आकारात असेल तो आकार धरून ठेवतं. जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी १९९३ मध्ये आणलेले ‘प्लीट्स प्लीज’चे कपडे यावरच उभे आहेत: आधी दुप्पट-तिप्पट मोठा कपडा शिवायचा आणि मग तो कागदांच्या मध्ये घालून उष्णतेच्या दाबाखाली चुणायचा. टोकियोत १९८४ मध्ये जुनइची अराई आणि रेइको सुदो यांनी सुरू केलेल्या ‘नूनो’ या कापडाच्या कंपनीनेही उष्णता हे कापड घडवायचं साधन मानलं. भाचीने पाठवलेल्या पुस्तकात हे वाचून मावशीने स्वतः करून पाहिलं. ऑर्गंझाच्या तुकड्यात नातवाच्या गोट्या एकेक बांधल्या, इडलीच्या जुन्या पात्रात वाफवल्या, पूर्ण गार होऊ दिल्या आणि मग दोरे सोडले. गोट्या काढल्यावरही कापडावर फुगे तसेच. हाताने सपाट करून पाहिले, पुन्हा वर आले. ‘धूर नाही, वास नाही. पात्र आता स्वयंपाकाला वापरत नाही, काळजी करू नकोस.’

काळजीचा विषय निघाला की पत्र पुन्हा हट्टाने मूळ पदावर येतं, पण या वेळी आवाज खाली आलेला आहे. पत्राला निमित्त झालेली आयसीयूतली बाई शेवटाकडे कुठेच नाही. मावशीला खरी चिंता तिची नव्हतीच. शिकायला येणारी बाई एक शनिवार धूर ओढते आणि घरी जाते. शिकवणारी दर शनिवारी तिथेच असते. ‘घराण्यातला दमा तुझ्या आईला चुकला, तुला नाही चुकला. सहावीत तुला रात्रभर मांडीवर उभी धरून बसलेली मी आहे. तू विसरली असशील.’

आणि मग एक गोष्ट, जी तिने आजवर घरात सांगितलेली नाही. लग्नाआधी मावशी शिवणाचा वर्ग घेत असे: बेतणं, कटोरी ब्लाउज, परीक्षेची पोर्टफोलिओ फाइल. त्या वर्गातल्या एका मुलीने एकदा दोन पॉलिथीनच्या पिशव्यांमध्ये रंगीत कात्रणं घालून वर्तमानपत्राखाली इस्त्री फिरवली आणि झालेला पत्रा मोठ्या आनंदाने बाईंना दाखवायला आणला. बाईंनी ‘इस्त्री खराब करशील’ म्हणून तो कचऱ्यात टाकला. मुलगी पुढच्या महिन्यापासून आली नाही. तिने काय केलं होतं ते मावशीला कित्येक वर्षांनी भाचीचे फोटो पाहताना उमगलं. ‘नाव आठवत नाही गं तिचं. चेहरा आठवतो. म्हणून तुला बंद कर असं मी कधी म्हणणार नाही. आईने म्हटलं तर मला फोन कर, तिच्याशी मी बोलते.’

शेवटच्या पानावर उपदेश जवळजवळ उरलेलाच नाही. रात्री उशिरापर्यंत सामान आवरत बसतेस का, बरोबर कुणी असतं का, इन्हेलर पर्समध्ये आहे की ड्रॉवरमध्ये, मेतकूट संपलं असेल तर कळव. एक्झॉस्टला किती लागतील ते विचारून सांग. ते पैसे मावशी देणार आहे, कर्ज म्हणून नव्हे. ‘माझे भिशीचे आलेत. तुझ्या काकांना सांगितलंय, ते हसले.’

पत्राबरोबर एस.टी.च्या पार्सलने एक गाठोडं निघालं आहे. पेटीतल्या जुन्या सिंथेटिक साड्या. मावशीने प्रत्येकीचा एक धागा जाळून पाहिला आहे आणि पदराला चिठ्ठ्या टाचल्या आहेत: नायलॉन, पॉलिस्टर, पॉलिस्टर. एकीवर नुसतंच ‘कळलं नाही, ही तापवू नकोस’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘तुझ्या बारशाला नेसले होते ती. वाटल्यास तू नेस.’