औषधी, सिद्धी आणि अवधूत

दत्तभक्तहो, चिलीम ओढणारा साधू दिसला की आपल्यातले काहीजण हात जोडतात, काहीजण नाक मुरडतात. घरची तरुण मुलं मात्र सरळ विचारतात, नशेच्या औषधानं समाधी लागते का हो?

त्यांना उडवून लावू नये, असे मला वाटते. पतंजलींनी कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धींची पाच कारणे दिली आहेत. त्यांत जन्मानंतर लगेच औषधी आहे. पण त्याआधी विभूतिपादात तेच बजावतात की सिद्धी समाधीच्या आड येतात.

मानसशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक रिचर्ड अल्पर्ट यांनी एलएसडीसारख्या द्रव्यांचे पुष्कळ प्रयोग केले होते. त्या वादातून 1963 साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना काढले. 1967 साली ते भारतात आले. नैनीतालच्या डोंगरात नीम करोली बाबांनी एलएसडीच्या गोळ्या मागून घेतल्या. अल्पर्ट निरखत बसले. बाबांना काहीच झाले नाही, असे त्यांनीच लिहिले आहे. पुढे बाबा म्हणाले, यानं दर्शन होईल, पण तिथं राहता यायचं नाही, दोन तासांत परत फिरावं लागेल. बाबांकडूनच त्यांना रामदास हे नाव मिळाले.

आता आपले महाराज. मार्कंडेय पुराणात दत्तात्रेय मद्य घेताना दिसतात, हे खरेच. पण कशासाठी? पाठ न सोडणारे मुनिकुमार निघून जावेत म्हणून! त्याच कथेच्या आधारावर कोणी चेले जमवत असेल, तर पोथी उघडून हा प्रसंग त्याला सावकाश वाचून दाखवावा.