कामाच्या पहिल्या आठवड्यातलं पाकीट

शिंप्याची शिलाई थकली तर तो कोट अडकवून ठेवू शकतो. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० मध्ये शिंप्याचंच उदाहरण आहे. त्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल तर मात्र कोट रोखता येत नाही, असंही तिथेच म्हटलंय. गवंड्याची अडचण वेगळी. त्याने बांधलेली भिंत त्याला उचलून घरी नेता येत नाही. वीट जागेवर बसली की ती जागामालकाची. या अडचणीवर अमेरिकेत जो उपाय निघाला त्याला मेकॅनिक्स लीन म्हणतात. मेकॅनिक म्हणजे इथे गॅरेजवाला नव्हे, कारागीर. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभी राहत होती त्या काळात, १७९१ साली, मेरीलँडने असा पहिला कायदा केला. आपल्या भाषेत सांगायचं तर, केलेल्या कामाच्या पैशांपोटी मालकाच्या सातबाऱ्यावर बोजा चढवण्याचा हा हक्क. बोजा असलेली मिळकत विकताना किंवा गहाण टाकताना अडते, आणि म्हणूनच पैसे सुटतात. कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या राज्यघटनेतच कारागीर, मजूर आणि माल पुरवणाऱ्यांना हा हक्क दिला.

राज्यघटनेतच आहे म्हणून निर्धास्त राहणारे बुडतात, हे सांगण्यासाठीच हा लेख. हक्क घटनेने दिला असला तरी तो कसा बजावायचा हे कायदा ठरवतो, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा पोटकंत्राटदाराला सांगतो की आधी कळव. काम सुरू केल्यापासून किंवा माल पोचवल्यापासून २० दिवसांत मालक, मुख्य कंत्राटदार आणि बांधकामाला कर्ज देणारी बँक असेल तर ती, या सगळ्यांना प्रिलिमिनरी नोटीस गेली पाहिजे. कामाचं स्वरूप आणि अंदाजे एकूण रक्कम तिच्यात लिहायची. मालकाशी थेट करार असलेल्या मुख्य कंत्राटदाराला फक्त कर्ज देणाऱ्याला कळवावं लागतं. रोजंदारीवरच्या मजुराला यातून सूट आहे. उशीर झाला तर हक्क संपूर्ण जात नाही, पण मागचं काम उघडं पडतं. ड्रायवॉलचं काम १ मार्चला सुरू झालं आणि नोटीस १ मे रोजी टपालात पडली, तर त्याआधीच्या २० दिवसांपर्यंतचंच, म्हणजे ११ एप्रिलपासूनचं काम लीनखाली येतं. त्याआधीच्या सहा आठवड्यांच्या कामाला बोजाचा आधार उरत नाही. माझं म्हणणं एवढंच: लीनचा हक्क पैसे थकल्यावर गमावला जात नाही. सगळे हसून बोलत असतात त्या पहिल्या आठवड्यांतच तो बहुतेक वेळा हातचा गेलेला असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: काम नुकतंच मिळालंय आणि लगेच नोटीस धाडायची, तर समोरच्याला काय वाटेल? आपल्याकडे पैशाचा विषय आधी काढणं अनेकांना जड जातं. भीड भिकेची बहीण ही म्हणही आपलीच. नोटीस या शब्दानेही घोटाळा होतो. आपल्या कानाला नोटीस म्हटलं की वकील आणि भांडण आठवतं. ही नोटीस मात्र मागणीही नाही आणि आरोपही नाही. मी या घरात अमुक काम करतोय, एवढी ती ओळख आहे. शिवाय हा नुसत्या मर्जीचा मामलाही नाही. पोटकंत्राट ४०० डॉलरहून जास्त असेल आणि नोटीस दिली नाही, तर ते परवान्यावर शिस्तभंगाच्या कारवाईचं कारण ठरू शकतं. म्हणजे भीड वाटत असेल त्याने कायद्याकडे बोट दाखवावं. बाकी सगळ्यांना सोडून एकाच कंत्राटदाराला नोटीस पाठवली, तर त्या एकाला संशयाचा वास येईल. सरसकट प्रत्येक कामाला गेली की तो कागद बिलबुकाइतका साधा होतो.

दुसरा आक्षेप मालकाच्या बाजूचा आहे, आणि तो मला वजनदार वाटतो. मालकाने मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले, त्याने ते खाली पोचवले नाहीत. मग त्याच कामासाठी मालकाने दुसऱ्यांदा का भरावं? अन्याय आहे खराच. पण नोटिशीचं प्रयोजन नेमकं तिथेच आहे. भिंतीआड कोण राबतंय हे कळलेला मालक हप्ता देताना त्या माणसाची पावती मागू शकतो, किंवा मुख्य आणि पोटकंत्राटदार दोघांच्या नावाने एकच चेक काढू शकतो. नोटीस न देणारा आपला हक्क घालवतोच, वर मालकाला सावध होण्याची संधीही नाकारतो.

करार आहे, कोर्ट आहे, मग बोजा कशाला, असंही म्हणतात. पोटकंत्राटदाराचा करार मुख्य कंत्राटदाराशी असतो. त्याचंच दिवाळं निघालं तर हुकूमनामा फ्रेम करून भिंतीवर लावावा! घर मात्र जागेवरच असतं. फक्त काम सरकारी असेल तर लीन चालत नाही. तिथे स्टॉप पेमेंट नोटीस आणि पेमेंट बाँड हे मार्ग आहेत.

पाठवण्याची रीतही सांभाळावी लागते. साधं टपाल चालत नाही. सर्टिफाइड, रजिस्टर्ड किंवा एक्सप्रेस मेल, रात्रीत पोचवणारं कुरियर, नाहीतर हातोहात. पाठवल्याचा पुरावा फाइलला लावायचा. पुढच्या मुदतीही कडक आहेत. काम पुरं झाल्यापासून ९० दिवसांत काउंटी रेकॉर्डरकडे लीन नोंदवायचं. पण मालकाने काम संपल्याची नोटीस रीतसर नोंदवली, तर मुख्य कंत्राटदाराला ६० आणि पोटकंत्राटदाराला फक्त ३० दिवस मिळतात. लहान, मालक स्वतः राहतो अशा घरांसारखे अपवाद सोडले, तर मालकाने ती नोंद केल्याचं प्रिलिमिनरी नोटीस देणाऱ्यांना १० दिवसांत कळवायचं असतं, आणि कळवलं नाही तर मुदत पुन्हा ९० दिवसांची होते. पाकिटाचा हा आणखी एक फायदा. लीन नोंदवल्यावर ९० दिवसांत दावा लावला नाही, तर ते निकामी होतं.

आणि एवढं सांभाळूनही पुष्कळदा सही घात करते. हप्ता देताना हक्क सोडल्याचा कागद पुढे येतो, त्याचे ठरलेले नमुने कायद्यातच आहेत. शर्तीचा नमुना चेक वटल्यावरच लागू होतो. बिनशर्त नमुना सही होताच लागू होतो, मग चेक परत आला तरी. पैसे खात्यात पडलेले दिसेपर्यंत शर्तीचाच नमुना भरून द्यावा, आणि बिनशर्त कागदासाठी घाई करणाऱ्याला बँकेचं स्टेटमेंट यायचंय असं सांगावं.