कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि तिचा खर्च

तंबाखू व काकवी यांपासून केलेला गुडाखू नावाचा काळसर लगदा दातांना लावण्याची सवय छत्तीसगडात पुष्कळांना असते. महाराष्ट्रातील मिश्रीचेच हे भावंड होय. अशा सवयींतून उद्भवणाऱ्या मुखाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय समजला जातो. रोगट भाग, प्रसंगी जबड्याचे हाडही, काढून टाकतात. मानेतील गाठी काढतात, आणि पडलेली पोकळी शरीराच्या दुसऱ्या भागातील मांस व त्वचा आणून भरतात.

एके काळी अशा उपचारांसाठी रायपूरच्या रुग्णाला सुमारे अकराशे किलोमीटर दूर, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागे. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आता रायपुरातच डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयातील प्रादेशिक कर्करोग केंद्र, २०१२ साली सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि २०१८ साली नव्या रायपुरात उघडलेले बाल्को वैद्यकीय केंद्र यांची सोय झाली आहे. २०१८ सालच्याच आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबाच्या रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतची हमी दिली. मग अडते कोठे?

छत्तीसगडातील कुटुंबांची पाहणी करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, योजनेत नाव असूनही लोकांच्या खिशातून होणारा खर्च घटला नव्हता. रुग्णालयातील बिलाखेरीज जो खर्च होतो, तो तर आणखी निराळा. रुग्ण दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच काळ या योजनेने बिलाला जोडून घेतला आहे. रोगाची कालगणना मात्र वेगळी असते.

जगदलपूरकडील एखादा शेतमजूर कल्पून पाहावा. तोंडातील जखमेचा तुकडा काढून तपासणे, छायाचित्रे काढणे, शस्त्रक्रियेची तारीख मिळणे, यांत कित्येक आठवडे जातात. काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होऊन रोगाचा अंश शिल्लक राहण्याचा संभव दिसल्यास किरणोपचार लागतात. ते शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा दंडक आहे. कारण उशीर झाल्यास उरलेल्या पेशींना वाढण्यास सवड मिळते. बहुधा तीस बैठका, आठवड्यातून पाच, म्हणजे पुन्हा सहा आठवडे. प्रत्येक बैठक काही मिनिटांची. पण जगदलपूर ते रायपूर हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. रोज जाऊन येणे अशक्य. तेव्हा भाड्याची खोली आली, आणि सोबतीला घरचे एक माणूस आले. दोघांची मजुरी बुडते. पेरणीचा हंगाम असला, तर वर्षाचे धान्यही बुडते. ही रक्कम कोणत्याही बिलावर येत नाही, पण बैल विकावयास लावते ती हीच. पैसा संपला की रुग्ण बैठका अर्धवट टाकून गावी परततो, आणि शस्त्रक्रियेने मिळविलेले बरेचसे यश तेथे गमावले जाते.

रेल्वेने कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी जाताना शयनयान वर्गाचे भाडे पूर्ण माफ केले आहे, आणि सोबत्यास पंचाहत्तर टक्के. मुंबईस वा नागपुरास जाणाऱ्याला ही सवलत मोलाची. परंतु जगदलपूरचा रुग्ण रायपुरास येतो तो बहुधा बसने!

टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना मुंबईत हीच अडचण फार पूर्वीपासून भेडसावत आली आहे. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेत असे रुग्ण आणि त्यांचे सोबती अल्प दरात राहतात, आणि तेथूनच रोज किरणोपचारासाठी परळास जातात.