कॅम्प शैली : मावशीचा नखरा आणि आपलं हसू



'कॅम्प' म्हटलं की आपल्या मुलांना स्काऊटचं शिबिर आठवतं. आज बघायचा तो कॅम्प वेगळा. विनोदातली आणि करमणुकीतली ती एक शैली आहे : मुद्दाम केलेला अतिरेक. भडक कपडे, लाडिक आवाज, गरजेपेक्षा जास्त मुरडलेली मान. आणि 'हे सोंग आहे, तुम्हालाही माहीत आहे अन् मलाही' असा प्रेक्षकाला केलेला इशारा. अमेरिकन लेखिका सुसान सोन्टॅग यांनी १९६४ मध्ये यावर निबंध लिहिला, तेव्हापासून या शब्दाची चर्चा वाढली. पश्चिमेत ही शैली मुख्यतः समलिंगी पुरुषांमध्ये वाढली. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून ती त्यांची आपसातली थट्टा. हसणारेही तेच, हसवणारेही तेच.

शब्द परका असला तरी नमुना आपल्याकडे आहेच. तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी असते मावशी, आणि तिचं काम पुरुष करतो. आवाज जाडाभरडा, नखरा मात्र सोळा वर्षांच्या पोरीचा! हसू येतं ते या विसंगतीतून. बालगंधर्वांचं तसं नव्हतं. समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरावं, यासाठी त्यांची सगळी कला होती. मावशी ते विसरू देत नाही. शिवाय वाट अडवणाऱ्या कृष्णाला आणि पेंद्याला ती चांगलंच सुनावते, म्हणजे हसण्याची दोरी तिच्याच हातात असते. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधली पार्वती आणि सुधा पोरांना पाठच आहेत, त्यांच्यावर वेगळं सांगायला नको.

पण सोंगावरचं हसू माणसावर घसरलं की काय होतं? चित्रपटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील प्रत्यक्षात मुलाबाळांचे संसारी गृहस्थ होते. तरी पडद्यावरची प्रतिमा त्यांना आयुष्यभर चिकटली. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला पैलवानकीचा नाद असलेला गुणाही नाच्या होतो आणि हेच भोगतो. २०१० साली आलेला चित्रपट आपण बहुतेकांनी पाहिला असेल.

हे मला माहीत होतं, तरी चुकलो. पालममध्ये मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात गवळण बसवली. सातवीतल्या एका मुलाचा आवाज नाजूक, म्हणून मावशी त्याला दिली. लोक पोट धरून हसले. चौथ्या दिवशी त्याचे वडील आले. म्हणाले, "सर, पोरगं शाळंत येत नाही म्हणायलंय. समदे मावशी म्हणायलेत त्याला." निवड करताना मी मुलाकडं पाहिलं, सोंगाकडं नाही. खरं तर मावशीला विसंगती लागते, आणि ती त्या मुलात नव्हतीच.

यंदा आधी वर्गात एक खेळ घेतला. 'चहा सांडला' हे एकच वाक्य प्रत्येकानं एकदा साधं आणि एकदा नखऱ्यात म्हणायचं. कबड्डीतली धिप्पाड पोरंही लाजत लाजत उठली. मग विचारलं, आपण कशाला हसलो? "सर, चहा सांडल्यावर एवढं कोण रडतंय!" एक मुलगी म्हणाली. तिच्या एका वाक्यात अतिरेक म्हणजे काय ते आलं. त्यावर दुसरा प्रश्न : मग नाव पाडायचं कुणाला, चहाला का माणसाला? वर्ग जरा गप्प झाला.

त्या मुलानं यंदा पेंद्या मागितला. दिला. मावशी आता कबड्डीचा कॅप्टन करणार आहे. पदर कसा सावरायचा, ते मात्र त्याला हाच शिकवायलाय.