कमवा आणि शिका

गरीब शेतकऱ्याने मुलाला शाळेत घालायचे ठरवले, की त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या जेवणाचे काय, हा पहिला. आणि त्याच्या वाट्याचे शेतातील काम कोणी करायचे, हा दुसरा. केवळ फी माफ केल्याने हे प्रश्न सुटत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी त्यांचे उत्तर शेतातच शोधले.

भाऊरावांचा जन्म १८८७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराच्या प्रचारासाठी त्यांनी खेडोपाडी प्रवास केला. रयतेचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्यास भेट दिली. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंगतीला बसत.

मुले वाढत गेली. पैसा मात्र अपुराच राहिला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने विकले. एके प्रसंगी तर मंगळसूत्रही मोडावे लागले. एका माउलीच्या त्यागाने पंगत काही दिवस चालते. कायमची चालायची असेल, तर मुलांच्या स्वतःच्या हातांना काम हवे, हे भाऊरावांनी जाणले.

या विचारातूनच ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजली. विद्यार्थी माळावरचे दगड वेचत, जमीन सपाट करीत, भाजीपाला पिकवीत. दळण, स्वयंपाक आणि झाडलोटही पाळीपाळीने करीत. शेतकरी कुटुंबे आपापल्या कणगीतील धान्य वसतिगृहाला देत. शाळा ही सरकारची किंवा दात्याची नसून आपली आहे, ही भावना त्यातून बळावली. १९४० मध्ये साताऱ्यात याच तत्त्वावर महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे घोषवाक्य असे आचरणातून आले.

येथे एक शंका येईल. मुलांना शेतात कामाला लावणे ही बालमजुरीच नव्हे काय? दोहोंतील भेद ओळखणे आवश्यक आहे. मजुरीत मुलाचे श्रम दुसऱ्याच्या नफ्यासाठी खर्ची पडतात आणि त्याची शाळा सुटते. येथे पिकलेले धान्य मुलांच्याच ताटात येई, आणि काम शिक्षणासाठी असे. कामासाठी शिक्षण बुडत नसे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. म्हणून आज शाळेची शेती करताना हा भेद अधिकच कसोशीने पाळावयास हवा.

आज अनेक शाळांच्या आवारात परसबाग दिसते. तेथील मेथी, पालक, शेवगा शालेय पोषण आहारात वापरता येतो. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद होते आणि वाफे वाळू लागतात. अशा वेळी शेजारच्या चार-पाच कुटुंबांनी पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या, तर बाग तगते. बियाणे कोणी द्यावे, पाणी कोणी घालावे आणि उत्पन्नाचा हिशेब कोणी ठेवावा, हे पालकसभेत आधीच ठरलेले बरे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण दिवसभर काम करून सायंकाळी पुस्तक उघडतात. त्यात कमीपणा नाही. घट्टे पडलेल्या हातांनी पुस्तक धरणाऱ्यांची एक मोठी परंपरा या भूमीत आहे. आपण त्याच परंपरेचे वारसदार आहोत.

शब्दार्थ
रयत – सामान्य जनता, शेतकरी वर्ग
कणगी – धान्य साठवण्याची बांबूची मोठी टोपली
ब्रीद – निष्ठेने पाळावयाचे वचन

स्वाध्याय
१. गरीब शेतकऱ्यापुढील कोणते दोन प्रश्न लेखात सांगितले आहेत?
२. बालमजुरी आणि ‘कमवा आणि शिका’ यांतील भेद स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. आपल्या गावातील शाळेत परसबाग करावयाची झाल्यास कोणते काम कोणाकडे सोपवाल? तक्ता तयार करा.